९० चौरस मीटर की ६२?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बायको आणि सात वर्षांच्या मुलीसह ऑक्टोबरात बर्लिनला यायचंय, आणि जवळपास सारख्याच भाड्याची दोन घरं समोर आहेत. एक शहराच्या कडेला, नव्या इमारतीत, ९० चौरस मीटर, लिफ्ट, बाल्कनी. दुसरं बर्लिनच्या नॉयक्योल्न भागात, जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, ६२ चौरस मीटर, लिफ्ट नाही. कुठलं घ्यावं?

दुसरं घ्या. पहिल्यासारखं घर आम्ही घेऊन पाहिलंय, म्हणून सांगतो.

कागदावर ते झकास होतं. पण खाली उतरलं की पार्किंग, झुडपं आणि वीस मिनिटांनी येणारी बस. दूध संपलं की जॅकेट, बूट, बस, परत बस. मी ऑफिसला जायचो, तिथे चार माणसं भेटायची. बायको मात्र दिवसभर त्या प्रशस्त घरात एकटी. सहा महिन्यांत एक चेहरा ओळखीचा झाला नाही. तेव्हा आम्ही खुशाल ‘जर्मन लोकच थंड’ असं म्हणून मोकळे झालो होतो. नंतर दुसऱ्या घरासारख्या जुन्या, दाट वस्तीतल्या गल्लीत राहायला आल्यावर कळलं, तिकडे कुणी कुणाच्या वाटेतच येत नव्हतं.

इथे अशा मोहल्ल्याला ‘कीत्स’ म्हणतात. नकाशावर त्याच्या हद्दी धड नसतात, पण आपला कीत्स कुठे संपतो हे रहिवाशाला पक्कं ठाऊक असतं. हे भाग चालण्याजोगे झाले त्याची मुळं १८६२ च्या होब्रेख्ट योजनेत, म्हणजे बर्लिनच्या विस्ताराच्या आराखड्यात आहेत. रुंद रस्ते आणि त्यांच्यामध्ये मोठाले भूखंड आखले गेले, त्यात मालकांनी पाच-पाच मजली भाड्याच्या इमारती ठासून भरल्या. तळमजल्यावर दुकानं, मागच्या अंगणात कारखाने, वर माणसंच माणसं. इतकी वस्ती असली की कोपऱ्यावरची बेकरी नुसत्या पायी येणाऱ्या गिऱ्हाइकांवर चालते. अर्थात तेव्हा त्यात राहणाऱ्यांचे हालच होते. आतलं अंगण किमान ५.३४ मीटर लांब-रुंद असलं की नियमाला चालायचं, कारण तेवढ्यात अग्निशामक बंब वळायचा! म्हणून बघायला जाल तेव्हा आधी विचारा: घर रस्त्याकडच्या भागात आहे की मागच्या? मागे शांतता असते, पण खालच्या मजल्यांवर ऊन शोधावं लागतं. तिसऱ्या मजल्याला सहसा हरकत नाही.

सवय लागायला मला वर्ष गेलं. पहिल्यांदा लक्षात आला तो फुटपाथ. मधोमध ग्रॅनाइटच्या मोठ्या फरश्या, दोन्ही बाजूंना मुठीत मावतील असे दगडाचे तुकडे. बाबागाडी फरशीवरून सुरळीत जाते, कडेला घातली की बाळाचे दात वाजतात. त्यामुळे समोरून कुणी आलं की कोण कडेला उतरणार याची नजरेनंच बोलणी होतात. त्या बोलणीतून माझ्या दोन ओळखी झाल्या.

तिसरी ओळख पार्सलमुळे. आपण घरी नसलो की कुरिअरवाला शेजाऱ्याकडे किंवा कोपऱ्यावरच्या ‘श्पेटी’त, म्हणजे रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या दुकानात, पार्सल टाकतो आणि आपल्या टपालपेटीत चिठ्ठी ठेवतो. चिठ्ठीवरचं नाव मला कधीच वाचता येत नाही. मग सगळ्या मजल्यांवर बेल वाजवत फिरायचं. माझं निम्मं जर्मन या जिन्यातच झालं.

मुलीसाठी हा भाग जास्त महत्त्वाचा. सरकारी प्राथमिक शाळा साधारणपणे पत्त्यावरून मिळते, आणि अशा वस्तीत ती बहुधा चालत जाण्याइतकी जवळ असते. आठ वर्षांपर्यंतच्या मुलांना सायकल रस्त्यावर आणायला मनाई आहे, त्यांनी फुटपाथवरून किंवा रस्त्यापासून वेगळ्या बांधलेल्या सायकलमार्गावरून चालवायची, आणि सोबतच्या मोठ्या माणसालाही फुटपाथवर चालवता येते. रविवारी दुकानं बंद, पण बेकऱ्या काही तास उघड्या असतात. आमचा मुलगा आठ वर्षांचा असताना पहिल्यांदा एकटा ब्रोटशन, म्हणजे छोटे पाव, आणायला गेला. मी खिडकीत, बायको जिन्यात. सहा ब्रोटशन आणि चुकीची सुटी नाणी घेऊन परतला, आणि दिवसभर कॉलर ताठ!

गाडीचा विचार तूर्त सोडा. डॉइचलांड टिकिट हा देशभर चालणारा मासिक पास २०२६ पासून महिन्याला ६३ युरोला आहे, त्यात बस, ट्राम, मेट्रो सगळं येतं.

तोटेही सांगतो. उन्हाळ्यात खालच्या बारमधली माणसं दहानंतरही हसतात. कुत्र्यांची घाण असतेच. बर्फ पडला की फुटपाथवर बारीक खडी टाकतात, ती बुटांच्या तळव्यात अडकून घरभर होते. डिसेंबरात चारच्या सुमाराला अंधार पडतो. पण त्या अंधारातही खाली दिवे आणि माणसं असतात. कडेच्या वस्तीतला तोच अंधार आम्ही एक हिवाळा काढलाय, परत नको.

नक्की करण्याआधी मंगळवारी-बुधवारी संध्याकाळी सहाला त्या दारातून निघा आणि दहा मिनिटं चाला. बेकरी, औषधाचं दुकान, खेळाचं मैदान, मेट्रो स्टेशन यातलं काय काय लागतं ते मोजा. शनिवारी जाऊ नका, शनिवारी सगळेच कीत्स गोड दिसतात.

आणि वॉशिंग मशीन मागवताना ‘तिसरा मजला, लिफ्ट नाही’ हे आधी लिहा. आम्ही लिहिलं नव्हतं. दोन दिवस मशीन जिन्याखाली होतं, आणि शेवटी श्पेटीवाल्यानं आणि मी मिळून चढवलं.