सीसीएनएसाठी कुठलं गाईड घेऊ?

प्रश्न : सीसीएनए (सिस्को कंपनीची नेटवर्किंगची परीक्षा) द्यायचीय. मित्राकडे २०१७चं गाईड नुसतं पडून आहे, ते चालेल का नवीनच घेऊ?

उत्तर : मित्राचं राहू द्या त्याच्याकडेच. फेब्रुवारी २०२० मध्ये सिस्कोने परीक्षाच बदलली, आता कोड २००-३०१ आहे, त्यामुळे कव्हरवर आधी तो बघा, नसेल तर आत कितीही छान लिहिलेलं असो, घेऊ नका. सबनेटिंग, म्हणजे मोठं नेटवर्क छोट्या भागांत विभागणं, जुन्यातही तेच आहे म्हणा, पण ऑटोमेशनला (नेटवर्कची कामं प्रोग्रामने करून घेणं) आता १० टक्के वेटेज आहे आणि ते त्यात फारसं नाहीच. २०२४ पासून सिलॅबसचं १.१ व्हर्जन आलंय, तर सिस्कोच्या साइटवरची टॉपिकची यादी घ्या नि अनुक्रमणिकेशी ताडून बघा. सगळ्यात जास्त म्हणजे २५ टक्के आयपी कनेक्टिव्हिटीला, म्हणजे मुख्यतः राउटिंगला (डेटा कुठल्या वाटेने पाठवायचा ते ठरवणं) आहेत, म्हणून राउटिंगचा भाग चाळताना लेखक राउटिंग टेबल ओळीओळीने समजावतो की नुसत्या कमांड्स देऊन मोकळा होतो ते बघा, मी तरी त्यावरूनच ठरवेन. मुख्य पुस्तक एकच ठेवा, उरलेला वेळ पॅकेट ट्रेसर या सिस्कोच्या नेटवर्क सिम्युलेटरवर सराव करण्यात घालवा, ते फुकट मिळतं. आणि हो, ‘परीक्षेतलेच प्रश्न’ म्हणून जे डम्प्स विकतात त्यांच्या नादी अजिबात लागू नका, पकडलं गेलं तर सर्टिफिकेटच रद्द होऊ शकतं.