मिलसारखं स्वयंपाकघर, पण भाकरी थापता येईल असं

इंडस्ट्रियल स्टाइलच्या स्वयंपाकघराबद्दल या महिन्यात सोलापुरातूनच चार पत्रं आली. बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेईन. या चार पत्रांना आधी सविस्तर उत्तर द्यायला हवं, कारण यातल्या दोन घरांत काम सुरू व्हायच्या बेतात आहे.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही जुळे सोलापूरमध्ये टू बीएचके घेतलाय. स्वयंपाकघर आठ बाय दहा फूट. मला आणि मिस्टरांना इंडस्ट्रियल स्टाइल करायची आहे. उघड्या विटा, सिमेंटचा ओटा, भिंतभर काळे लोखंडी रॅक, वरून लोंबणारे दिवे, पाइपसुद्धा उघडेच. इंटेरिअरवाल्यांनी दाखवलेलं चित्र फार आवडलं. पण सासूबाई म्हणतात, ‘जन्मभर मिलमध्ये राबलेल्या माणसाच्या घरात परत मिलच आणताय होय?’ सासरे काहीच बोलत नाहीत. काय करावं?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ‘सासरे काहीच बोलत नाहीत’ या वाक्याशी मी थांबले. माझे वडील मिलमध्ये फिटर होते. भोंगा झाला की आई डबा भरायची आणि मी तो गेटपर्यंत न्यायची. एकदा मी त्यांना विचारलं होतं, तिथले सगळे पाइप असे उघडे का, आपल्या घरातल्यासारखे भिंतीत का नाहीत? ते म्हणाले, ‘बिघडला तर हात पोचायला नको का?’ तीस वर्षं लोकांची स्वयंपाकघरं करतेय, पण इंडस्ट्रियल स्टाइलची याहून चांगली व्याख्या मला सापडलेली नाही.

ही स्टाइल म्हणून आली ती न्यूयॉर्कमधून. तिथल्या सोहो भागातले कारखाने ओस पडले आणि १९६० नंतरच्या काळात चित्रकार-शिल्पकार त्या रिकाम्या माळ्यांवर राहायला गेले. पैसा नव्हता, म्हणून विटा-पाइप झाकले नाहीत. तिथे ते गरजेतून झालं. आपल्याकडे १८७७ सालची जुनी मिल होती, पुढे आणखी मिल आल्या, अर्ध्या गावाचं घड्याळ भोंग्यावर चालायचं. त्यामुळे तुमच्या घरातली उघडी वीट ही सासऱ्यांच्या आठवणीतली वीट आहे. चित्र घेऊन आज संध्याकाळी त्यांच्याशेजारी बसा आणि फक्त एवढंच विचारा, ‘बाबा, यात पुसायला कठीण काय जाईल?’ ते बोलतील. मिलमध्ये कापसाचे तंतू प्रत्येक पाइपवर, प्रत्येक तुळईवर बसायचे आणि ते झाडत राहावं लागायचं, हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत आहे.

आपल्या स्वयंपाकघरात कापूस नाही, पण ज्वारीचं पीठ आहे आणि रोजची फोडणी आहे. हवेत उडालेलं पीठ तेलाच्या वाफेबरोबर जिथे बसतं तिथे पंधरा दिवसांत चिकट थर होतो. म्हणून भिंतभर रॅकला माझा विरोध आहे. एकच रॅक करा, चार फुटांचा, गॅसपासून लांबच्या भिंतीला. त्यावर आठवड्यात निदान दोनदा हातात येणारी भांडीच ठेवा. पातेली, तवा, काठवट, शेंगाच्या चटणीची बरणी. वेळ अमावास्येला लागणारी मोठी पातेली आणि पाहुण्यांची ताटं बंद कपाटात. रॅक उघडा ठेवणार असाल तर चिमणीचा पाइप भिंतीबाहेर निघालाच पाहिजे. नुसत्या फिल्टरची, हवा परत घरातच सोडणारी चिमणी आपल्या फोडणीला पुरत नाही.

आता सिमेंटचा ओटा. हा मी स्वतःच्या घरी केला होता. दिसायला इतका देखणा की मी रोज हात फिरवायची. पहिल्याच महिन्यात आमटीसाठी काढलेला चिंचेचा कोळ सांडला आणि पाच मिनिटांत पुसला, तरी खडबडीत पांढुरका डाग पडला तो पडलाच. सिमेंटमधल्या चुन्याला आम्ल खातं. वरून सीलर, म्हणजे डाग आत मुरू न देणारा लेप, मारतात, पण गरम पातेलं आणि घासणी यांनी तो झिजतो. तीन वर्षांनी मी तो ओटा फोडून काढला आणि त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं.

याच कारणाने ओट्याला शहाबादी, कडप्पा, कोटा यांतलं काहीही नको. तिन्ही चुनखडीच्याच जातीचे दगड. लिंबू, चिंच, टोमॅटो, ताक, सगळ्यांचे डाग धरतात. ओट्याला काळा ग्रॅनाइट घ्या, चकचकीत पॉलिशचा नको, लेदर फिनिशचा. हाताला किंचित खरबरीत लागतो, प्रकाश परतवत नाही आणि काळ्या लोखंडाशेजारी शोभतो. शहाबादी मात्र खाली जमिनीला जरूर घाला. पायाला गार लागते, पाणी सांडलं तरी पाय सटकत नाही. शहाबाद आपल्यापासून लांब नाही. आणि रेल्वेचे फलाट, गोदामं, जुने वाडे सगळीकडे आपण तीच फरशी पाहत आलोय. सिमेंटचा करडा रंग हवाच असेल तर ओट्याखालच्या भिंतीला आणि समोरच्या एका भिंतीला गुळगुळीत घोटाई करून घ्या.

विटांची भिंत गॅसमागे नको. वीट तेल पिते आणि ते परत निघत नाही. गॅसमागे दोन फूट उंचीचा स्टीलचा पत्रा किंवा साधी पांढरी टाइल. वीट समोरच्या भिंतीला, तीही बाथरूमला लागून नसलेल्या. ओल मुरली की विटेवर लोणा, म्हणजे पांढरा क्षार, फुटतो, आणि बोअरच्या क्षाराच्या पाण्यात तो लवकर फुटतो. वीट पूर्ण सुकल्याशिवाय सीलर मारू देऊ नका.

काळा रंग. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो. भिंत पश्चिमेची असेल तर आतून काळी करू नका. दुपारच्या तिरिपेने आधीच तापलेल्या खोलीत काळी भिंत नजरेलाही जड होते. काळं लोखंडापुरतं ठेवा.

दिव्यांबाबत मिलकडूनच शिकण्यासारखं आहे. विणकामाच्या शेडचं छप्पर करवतीच्या दातांसारखं असायचं आणि काचा उत्तरेकडे असायच्या. म्हणजे ऊन आत येत नाही आणि दिवसभर सारखा उजेड मिळतो, धागा तुटलेला लगेच दिसतो. तुमच्या स्वयंपाकघराला उत्तरेची खिडकी असेल तर चिरण्या-निवडण्याची जागा तिच्यासमोर घ्या. लोंबते दिवे जेवणाच्या टेबलावर ठेवा. ओट्यावर लोंबता दिवा डोक्याला लागतो आणि आपलीच सावली हातावर पडते. तिथे वरच्या कपाटाखाली पट्टीचा दिवा हवा.

शेवटी सगळ्यात महत्त्वाचं, भाकरी. कुठल्याही मासिकातल्या फोटोत ओटा एका पातळीत असतो, कारण तिथे भाकरी थापत नाहीत. थापताना खांद्यातून वजन द्यावं लागतं, त्यासाठी काठवट खाली हवी. चिरायला-शिजवायला ओटा कोपरापासून चार-सहा इंच खाली पुरतो, बहुतेक बायकांना तो बत्तीस ते चौतीस इंच येतो. भाकरीला आणखी तीन-चार इंच खाली. ओट्याचा अडीच फुटांचा तुकडा गॅसशेजारी खालच्या पातळीवर करा, आणि माप सासूबाईंना उभं करून, हातात पिठाचा गोळा देऊन घ्या. आठ बाय दहाची खोली लहान आहे अशी चिंता नको. १९२६ साली मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखलं, ते जेमतेम सहा फूट रुंद होतं. आगगाडीच्या डायनिंग कारमधला स्वयंपाकी किती पावलं टाकतो, हे त्यांनी नजरेसमोर ठेवलं होतं. तुमच्याकडे त्याहून ऐसपैस जागा आहे.

प्रश्न : ओटा पूर्ण स्टीलचा करतोय. एमआयडीसीतला फॅब्रिकेटर म्हणतो ‘३०४ जातीचं स्टील देतो, चुंबक लावून बघा, चिकटणार नाही’. एवढी खात्री पुरेशी आहे का? आणि भाकरी थापताना आवाज होईल का?
– होटगी रोडवरून

उत्तर : चुंबकाची खात्री पुरेशी नाही. ३०४ला चुंबक चिकटत नाही हे खरं, पण स्वस्तातल्या २०२लाही चिकटत नाही. ३०४मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, मिठाच्या पाण्याला ते लवकर हार जातं. पत्र्यावर थेंब टाकून बघायचं द्रावण बाजारात मिळतं, मँगनीज जास्त असलं की थेंब लालसर होतो. हे कापलेल्या तुकड्यावर तुमच्यासमोर करून घ्या, आणि बिलावर ‘३०४’ लिहून घ्या. प्रामाणिक माणूस दोन्हीला हरकत घेत नाही.

पत्रा निदान अठरा गेजचा, म्हणजे सुमारे सव्वा मिलिमीटर. जोड आर्गॉन वेल्डिंगचे. आणि एक गोष्ट आवर्जून सांगा. ज्या ग्राइंडरच्या चकतीने साधं लोखंड घासलं ती स्टीलला लावायची नाही. लोखंडाचे कण स्टीलमध्ये रुततात आणि दोन पावसाळ्यांत तांबडे ठिपके दिसायला लागतात. लोक मग स्टीललाच दोष देतात.

आवाज होणारच. नुसत्या पत्र्यावर थापलं तर शेजारच्यांना भाकऱ्या मोजता येतील इतका. पत्र्याखाली अठरा मिलिमीटरचा पाण्यात टिकणारा प्लाय पूर्ण चिकटवून घ्या, मध्ये पोकळी राहू देऊ नका. चटणीचा उखळ मात्र स्टीलवर नकोच. त्याच्यासाठी कोपऱ्यात दगडाचा तुकडा बसवा आणि खालून थेट विटेचा आधार द्या.

आपल्या क्षारयुक्त पाण्याचे पांढरे डाग रोज पडतील. रात्री आवरल्यावर कोरड्या फडक्याने पुसलं की पुरतं. जुना डाग असेल तर व्हिनेगर पाण्यात मिसळून. ब्लीचिंगचं पाणी सिंकमध्ये साठवून ठेवू नका, त्याने स्टीलला बारीक खड्डे पडतात. आणि पाणी रोज येत नाही म्हणून ओट्याखाली पिंप ठेवणार असाल, तर दोनशे लिटरचं पिंप म्हणजे दोनशे किलो. ते जमिनीवरच ठेवा, रॅकच्या पट्टीवर नाही.

प्रश्न : आमचे आजोबा यंत्रमाग चालवायचे. कारखाना विकला, पण एक माग वडिलांनी ठेवलाय, अंगणात गंजतोय. त्याचं डायनिंग टेबल करता येईल का? आईला वाटतं भंगारात द्यावा.
– अशोक चौक परिसर

उत्तर : कृपा करून भंगारात देऊ नका. मागाच्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, दोन बाजू म्हणजे तयार पाय आहेत, आणि हे टेबल दुसऱ्या कुणाच्या घरी असूच शकत नाही.

मात्र घाई नको. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता धरूनच चाला. कोरडी घासाई अजिबात करू नका, धूळ उडते आणि घरात लेकरं आहेत. रंग काढायचं द्रावण लावून ओलाच खरवडा, अंगणात, मास्क लावून. ग्रीस केरोसिनने निघतं, नंतर साबणाच्या पाण्याने दोनदा धुऊन उन्हात वाळवा. बीड वेल्डिंगला नीट दाद देत नाही, तडकतं, त्यामुळे जोड बोल्टचेच ठेवा. जुनी भोकं वापरली तर आजोबांनी आवळलेल्या जागीच नवे बोल्ट येतील. वर सागवानी फळी. जेवायचं टेबल तीस इंच उंच लागतं, तेव्हा आधी बाजूंची उंची मोजा. जास्त असेल तर बीड कापू नका, त्याचं उभ्याने काम करायचं टेबल करा.

मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारे धोटे आणि त्यातल्या धाग्याच्या कांड्या जपून ठेवल्या असतील तर मला फोटो पाठवा. धोटा लाकडाचा, टोकाला धातूचा, तसाच्या तसा भिंतीवर लावण्याजोगा असतो. त्याची खुंटी वगैरे करू नका.

प्रश्न : सगळं उघडं ठेवतोय, पण सिलिंडर दिसायला नको. ओट्याखाली घट्ट दाराच्या लोखंडी पेटीत ठेवला तर?
– विजापूर रोड

उत्तर : घट्ट दार नको. आपला गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो आणि बंद पेटीत तसाच भरून राहतो. तुमच्या स्टाइललाही शोभेल असा जाळीचा पत्रा दाराला लावा, खालच्या कडेला मोकळी फट ठेवा. सिलिंडर उभाच ठेवा, शेगडी त्याच्याहून वर. रबरी नळी दीड मीटरपेक्षा लांब नको, ओट्याला भोक पाडून ती न दिसेल अशी फिरवू नका. आयएसआय शिक्क्याची नळी पाच वर्षांनी बदलायची असते आणि तारीख तिच्यावरच छापलेली असते. पेटीचं माप घ्यायला वाकाल तेव्हा ती वाचून घ्या.