गाडी तुमची, पॉलिसी कोणाची?

प्रश्न : नमस्कार काका. दारव्हा तालुक्यात आमची कोरडवाहू शेती आहे. पुण्याच्या चुलतभावाची सात वर्षं जुनी, १२०० सीसीची पेट्रोल गाडी मागच्या आठवड्यात घेतली. विमा पुढच्या महिन्यात संपतो. एजंट म्हणतो, नुसता थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीपुरता) चार हजारांच्या थोडा वर, फुल (आपल्या गाडीच्या नुकसानीसकट) काढला तर साडेदहा हजार. भाऊ तर सात हजारांतच फुल काढायचा. पंधरा दिवसांतून एकदा आईला यवतमाळला दवाखान्यात नेतो, परतायला अंधार होतो. जास्तीचे पैसे द्यावे का?
— एक शेतकरी वाचक

उत्तर : भाऊ, द्या. पण मला काळजी वेगळीच वाटते. चालू पॉलिसी अजून चुलतभावाच्याच नावावर आहे ना?

मी बावीस वर्षं सर्व्हेअर होतो, अपघाताच्या गाड्या बघणं हेच काम. कापूस वेचणीच्या दिवसांत दिग्रस रस्त्यावर एक गाडी रात्री रोह्यावर, म्हणजे नीलगायीवर, आदळली. सकाळी पोचलो तर बॉनेट दुमडलेलं, रेडिएटरच्या जाळीत रोह्याचे राखाडी केस अडकलेले, खाली कूलंटचं हिरवं थारोळं. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, नाव नव्या मालकाचं, पॉलिसीवर जुन्याचं. फुल विमा असूनही क्लेम नामंजूर झाला. तो माणूस पॉलिसीचा कागद पुन्हा पुन्हा उलगडून मला दाखवत होता. ते अजून आठवतं.

गाडी विकली की थर्ड पार्टीचं संरक्षण नव्या मालकाकडे आपोआप जातं. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं जात नाही. त्यासाठी खरेदीपासून १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे नावबदलाचा अर्ज द्यावा लागतो. ‘महिन्यानं संपतोच आहे’ म्हणून थांबू नका. त्या महिन्यातही आईला घेऊन दोन फेऱ्या होतीलच.

आता पैशांचं. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं. १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला ३,४१६ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४,०३१. तिथं घासाघीस नाही. मालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा वेगळा, तोही घ्या. कमी-जास्त होतो तो गाडीच्या नुकसानीचा भाग. भावानं वर्षानुवर्षं क्लेम घेतला नसेल तर त्याला नो क्लेम बोनस, म्हणजे या भागाच्या प्रीमियमवरची सूट, मिळत असणार, तो ५० टक्क्यांपर्यंत जातो. हा बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. तो भावाकडेच राहील, तुमचा शून्यापासून सुरू होईल. शिवाय पुण्याची नोंदणी महागड्या झोनमध्ये मोडते, यवतमाळची स्वस्तातल्या. गाडी तुमच्या अंगणात उभी असली तरी नंबर एमएच-१२ आहे, आणि दर सहसा नोंदणीवरून लागतो. एजंट तुम्हाला लुबाडतो आहे असं मला वाटत नाही.

मात्र आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, किती धरली ते त्याला विचारा. गाडी चोरीला गेली किंवा पार मोडली तर तेवढीच रक्कम मिळते. पाच वर्षांवरच्या गाडीला ती कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवता, आणि प्रीमियम कमी दिसावा म्हणून ती खाली धरली जाते.

फुल म्हणजे सगळं मिळतं असंही समजू नका. सात वर्षांच्या गाडीत धातूच्या भागांवर ४० टक्के घसारा कापतात, प्लॅस्टिक-रबरावर ५०. दहा हजारांच्या बॉनेटचे सहा हजार, सहा हजारांच्या बंपरचे तीन. वर प्रत्येक क्लेमला हजार रुपये तुमचे. काचेला मात्र घसारा नाही. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जोड-संरक्षण, एवढ्या जुन्या गाडीला सगळ्याच कंपन्या देत नाहीत, मिळालं तर भाव विचारून बघा. तरीही रात्री तुमच्या रस्त्यावर रोही आणि रानडुकरं आडवी येतात, आणि एका धडकेचा खर्च फुलसाठी जास्तीच्या लागणाऱ्या सहा-साडेसहा हजारांत भागत नाही.

पावसाळ्यात पुलावरच्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा चावी फिरवू नका, ढकलून बाहेर काढा. इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारून इंजिन गेलं तर साधी फुल पॉलिसी ते देत नाही, इंजिन प्रोटेक्ट जोडलेलं लागतं.

आणि गावात गाडी आली की सवाऱ्या येतात. कोणाला सोडून द्यायला हरकत नाही, पण भाडं घेऊ नका. खासगी पॉलिसीत ते बसत नाही.

व्यवहाराला आठवडा झालाय, म्हणजे हातात आठवडाच उरला. सोमवारी दारव्ह्याला जाल तेव्हा विक्रीचे कागद, आरसीच्या अर्जाची पावती आणि भावाची पॉलिसी, तिन्ही सोबत ठेवा.