कापडाची गिरणी, साखरेचा कारखाना

प्रश्न असा: कापडाची 'गिरणी', मग साखरेचा 'कारखाना' का? इंग्रजीत तर दोन्ही 'मिल'च.

आधी एक खटकणारी गोष्ट. 'इंग्रजांनी १६१३ साली सुरतेला कारखाना काढला' हे वाक्य अजून किती वर्षं ऐकायचं? तिथे इंग्रजांची एक चातीही (सूत कातायची फिरती सळई) फिरत नव्हती. ती वखार होती. कंपनीचे अडते ते 'फॅक्टर', त्यांचं ठाणं ती 'फॅक्टरी'. 'राजापूरची वखार' आपण बरोबर म्हणतो, मग सुरतेलाच काय झालं?

'कारखाना' हा फारसी, काम चालतं ती जागा. शिवकाळातल्या अठरा कारखान्यांत पीलखाना (हत्तींची जागा) आणि नगारखानाही मोडत. यंत्राचा संबंध नंतरचा.

खरी गंमत 'मिल'मध्ये आहे. मूळ लॅटिन 'मोला', म्हणजे जातं. सूत कातायच्या जागेला जात्याचं नाव कशाला? कारण इंग्लंडात आर्कराइट नावाच्या उद्योजकाने १७७१ साली क्रॉमफर्डला चात्या फिरवायचं ठरवलं ते पाणचक्कीवर, आणि तिकडे पाणचक्की म्हटली की आधी पीठच डोळ्यांपुढे यायचं. शिशाच्या खाणींतून चर खणून बाहेर काढलेलं कोमट पाणी तिथे मिळे, ते थंडीतही सहसा गोठत नसे. चाकाबरोबर नावही सुताला चिकटलं. जर्मनीत ब्रूगेलमानने राटिंगेनला तेच तंत्र उचललं आणि आपल्या गिरणीचं नावच 'क्रॉमफर्ड' ठेवलं! जपानच्या सरकारने १८७२ साली तोमिओकाला फ्रेंच यंत्रं आणून रेशमाची गिरणी उभारली, तिला म्हणाले 'सेइशिजो', म्हणजे धागा करायची जागा. यंत्र तयारच आलं, जात्याची आठवण यायचं कारणच नव्हतं. मुंबईत उद्योजक कावसजी दावरांची ताडदेवची कापडगिरणी १८५६ साली सुरू झाली ती थेट वाफेवर, तरी तिच्याबरोबर 'मिल' हा शब्द आलाच.

पण 'गिरणी' म्हणजे 'मिल'चं नुसतं भाषांतर, असं ठोकून देणाऱ्यांचं मला मुळीच पटत नाही. गिरकी, घिरटी, गरगर आणि हिंदीतली घिरनी, म्हणजे कप्पी, ही सगळी माझ्या मते एकाच कुळातली. इंग्रजाने दळणं पाहिलं, आपण फिरणं पाहिलं. म्हणून पिठाची काय नि सुताची काय, दोन्ही आपल्याकडे बिनतक्रार गिरणीच.

साखरेचं म्हणाल तर फिरणं मुख्यतः चरकाच्या रुळांचं. पुढे रस निवळायचा, आटवायचा, दाणा पाडायचा, अशी कामंच कामं. तिथे 'कारखाना'च शोभतो.