स्वस्तातली दुनळी घ्यावी का?

प्रश्न : काका, काटोलजवळ आमची संत्र्याची बाग आहे आणि घर गावाबाहेर एकटं. स्वसंरक्षणासाठी बारा बोअरच्या बंदुकीचा परवाना नुकताच मिळाला. ओळखीतल्या एकांकडे जुनी विलायती दुनळी आहे. नव्या बंदुकीच्या निम्म्या किमतीत देतो म्हणतात. नळ्या काळ्याभोर, दस्त्यावर ताजं पॉलिश. इसार देऊ का?

उत्तर : थांबा, इसार देऊ नका. बंदूक निम्म्या किमतीत मिळते तेव्हा तिचं पॉलिश बघायचं नसतं, नळी बघायची असते.

नागपूरच्या महाल भागातल्या दुकानात मी बंदुका दुरुस्त करायचो तेव्हा एका पावसाळ्यानंतर उमरेडकडचे एक शेतकरी अशीच स्वस्तात घेतलेली दुनळी घेऊन आले. बाहेरून नवी नवरी. मी नळीवरून अंगठा सरकवत नेला. तोंडापासून वीतभर आत अंगठा किंचित वर चढला आणि उतरला. रिकामी नळी खिडकीकडे धरली, तर आत त्याच जागी सावलीचं काळं कडं. कुंभारमाशीनं नळीत मातीचं घर केलं होतं आणि आधीच्या मालकानं तसाच बार काढला होता, म्हणून नळी तिथे फुगली होती. नंतर त्यानं ते कबूलही केलं. अशी नळी पुढच्या बाराला फाटू शकते. मी ती दुरुस्तीला घेतलीच नाही.

तुम्ही बघायला जाल तेव्हा आधी बंदूक उघडून काडतुसांची दोन्ही घरं रिकामी आहेत का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. मग नळ्यांखालचं पुढचं लाकूड काढा, बंदूक बंद करा, दस्ता काखेत दाबा आणि नळ्या हलवून बघा. ते लाकूड लावलेलं असलं की ढिलाई लपते, म्हणून काढायचंच. जरा जरी खुटखुट लागली तर तो खर्च किमतीत धरा. नळ्या सुट्या करून हुकाला टांगा आणि नखानं टिचकी मारा. घंटेसारखा नाद आला तर दोन नळ्यांना जोडणाऱ्या पट्टीची झाळ शाबूत आहे. बद्द आवाज आला तर सोडा. नळीवर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी असेल तर ती जुन्या काळ्या दारूसाठीची, आजच्या काडतुसाला नको.

विलायती म्हणालात म्हणून एक गोष्ट जास्त महत्त्वाची. जुन्या विलायती दुनळ्यांत काडतुसाचं घर बऱ्याचदा ६५ मिलिमीटरचं असतं, आजचं नेहमीचं काडतूस ७० चं. ते आत बसतं, म्हणून माणूस फसतो. पण ही लांबी उडाल्यानंतरची. तोंड उलगडलं की ते पुढच्या निमुळत्या भागात घुसतं आणि दाब वाढतो. घर मापून घेतल्याशिवाय या बंदुकीत एकही बार काढू नका.

खासगी विक्रीत विकणाऱ्यानं जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबायचं असतं, तसं केलंय का तेही मालकाला विचारा. आणि बागेत रानडुकरं येत असतील तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय त्यांच्यावर गोळी झाडू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे.

माझं मत विचाराल तर घराच्या राखणीला नवी देशी एकनळी पुरे. तरी दुनळीवर मन बसलंच असेल, तर मालकालाच ती परवानाधारक कारागिराकडे आणायला सांगा आणि तुमच्यासमोर घर मापून घ्या. आणायला ते कां-कूं करू लागले तर सौदा मोडा.