मनाची वही : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सहा महिने झाले, रोज रात्री डायरी लिहिते. मन हलकं होईल म्हणून सुरू केलं, पण लिहून झालं की डोकं आणखीच तापतं. एक नोंद पाठवते : ‘आज पुन्हा तेच. या घरात माझी किंमतच नाही. नेहमी मीच का ऐकून घ्यायचं?’ माझं काय चुकतंय?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : नोंदीत राग पुरेपूर आहे, घटना मात्र कुठेच नाही. कोण काय बोललं हे महिन्याभराने तुम्हालाही यावरून आठवणार नाही. ‘पुन्हा’, ‘नेहमी’, ‘का’ या शब्दांभोवती पेनने गोल करा आणि मागची दहा पानं चाळा. पानोपानी हेच गोल दिसले तर समजा, रोज रात्री रवंथ चाललाय. आणि रवंथाने राग मुरतो.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांनी लिहिण्याने नेमकं काय होतं याची पद्धतशीर तपासणी 1986मध्ये प्रसिद्ध केली. विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटं आपल्या सगळ्यात क्लेशकारक अनुभवाबद्दल लिहिलं. काहींनी फक्त भावना ओतल्या, काहींनी नुसती हकिगत लिहिली, काहींनी दोन्ही. पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या त्या प्रामुख्याने दोन्ही लिहिणाऱ्यांच्या. नंतर लिखाणातले शब्द मोजले गेले, तेव्हा ‘कारण’, ‘लक्षात आलं’ अशा धाटणीचे शब्द दिवसागणिक वाढत गेलेल्यांना जास्त फायदा झालेला दिसला.

म्हणून रोजची डायरी तूर्त बंद. एकच प्रसंग निवडा आणि सलग चार दिवस त्यावरच लिहा. मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर लावा. शुद्धलेखन बघू नका, खोडू नका. हात थांबला तर शेवटचं वाक्य पुन्हा लिहा. पहिल्या दिवशी भावनेचा एकही शब्द न घालता फक्त वेळ, जागा, तोंडचे शब्द आणि अंगात काय झालं ते लिहा. समजा असं :

‘रविवार, सकाळी साडेआठ. पाहुणे बसले होते. सासूबाई म्हणाल्या, पोहे कोरडे झालेत. मी जीरावन मसाल्याची डबी पुढे केली. कान गरम झाले. स्वयंपाकघरात येऊन नळ उगाच मोठा सोडला.’

दुसऱ्या दिवशी हेच, पण वाटलं ते सगळं घालून. तिसऱ्या दिवशी किमान तीन वाक्यांत ‘कारण’ आलंच पाहिजे. इथे बऱ्याचदा गाडी वळण घेते : ‘राग पोह्यांचा नव्हता, कारण एरवी मीही त्यावर हसले असते. माहेरची माणसं समोर होती म्हणून लागलं.’ चौथ्या दिवशी ‘मी’ऐवजी ‘ती’ वापरून लिहा. शेजारणीची गोष्ट सांगावी तसं. थोडं लांबून बघितलं की माणूस स्वतःलाही बरा सल्ला देतो.

लिहून झाल्यावर तास-दोन तास उदास वाटेल. ते अपेक्षितच आहे, म्हणून झोपायच्या तोंडावर लिहू नका, दुपार चांगली. मात्र एखादा विषय काढताच हात कापायला लागले, तर तो विषय तिथेच सोडा. ताज्या मृत्यूवर किंवा अपघातावर काही आठवडे तरी असं लिहू नये. आणि जीव नकोसा झाल्याचे विचार वहीत उतरू लागले, तर वहीच्या भरवशावर राहू नका : 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो.

प्रश्न : इंदुरात भंवरकुआंला खोली घेऊन एमपीपीएससीची (मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची) तयारी करतोय. आडवं झालं की राहिलेला अभ्यास डोळ्यांपुढे नाचतो. डायरीने झोप येईल का?
– एक विद्यार्थी

उत्तर : डायरीने नाही, यादीने येईल. दिवस कसा गेला ते लिहू नका. उद्या काय करायचंय ते पाच मिनिटं लिहा. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाने 2018मध्ये 57 तरुणांवर हे करून पाहिलं. उद्याच्या कामांची यादी करणारे, झालेल्या कामांची यादी करणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटं लवकर झोपले. यादी जितकी बारीक, तितकी झोप लवकर. ‘इतिहास करणे’ याचा उपयोग नाही. ‘होळकर, 1818ची मंदसौर संधी, नोट्सची चार पानं, सकाळी सात’ असं हवं. कागदावरच लिहा, कारण मोबाइल हातात घेतला की पाच मिनिटांची पंचेचाळीस होतात.

प्रश्न : घरात मराठी बोलतो, पण ऑफिसातली भांडणं हिंदीत होतात. वही कोणत्या भाषेत लिहावी?
– एक वाचक, राजेंद्रनगर

उत्तर : जो बोल लागला तो ज्या भाषेत आला, त्याच भाषेत उतरवा. ‘आपसे नहीं होगा’चं ‘तुम्हाला जमणार नाही’ केलं की त्यातला डंख निघून जातो आणि नेमकं काय टोचलं ते सापडत नाही. बाकी मजकूर मराठीत. उलट, एखादी गोष्ट फारच झोंबत असेल तर पहिल्या दिवशी ती मुद्दाम हिंदीत लिहा. परक्या भाषेत हात कमी पोळतो. वहीची भेसळ कुणी तपासणार नाही, आपलं इंदुरी मराठी तशीही हिंदीचा हात धरूनच चालतं.

प्रश्न : एकत्र कुटुंब आहे. वही कुणाच्या हाती लागली तर?
– एक वाचक, स्नेहनगर

उत्तर : मग वही घेऊच नका. चार दिवसांच्या लेखनाचा फायदा लिहिण्यात आहे, जपण्यात नाही. खजुरी बाजारातून सुटे कोरे कागद आणा, लिहा आणि फाडा. दोन तुकडे करून भागत नाही, ते जुळवता येतात. बॉलपेनची शाई तेलकट असते, पाण्याने सहजी जात नाही. म्हणून बोटाच्या पेराएवढे कपटे करून रात्रभर बादलीत भिजवा, सकाळी कुस्करा. लगदा वाळला की सुक्या कचऱ्यात टाका, नाहीतर कचरागाडीवाला परत करेल! मोबाइलवर लिहीत असाल तर आधी बघा, तेच खातं मुलांच्या टॅबवर चालू आहे का. तसं असेल तर नोंद तिथेही उघडते, तुमच्या फोनला कितीही कुलूप असो.