वाचकांचे प्रश्न : आयोवातले शेतकरी पूर्वज शोधताना

या वेळच्या पत्रांपैकी बरीचशी एकाच वळणाची आहेत. मुलाचं किंवा मुलीचं लग्न अमेरिकेतल्या घराण्यात झालंय आणि आता नातवंडांसाठी दोन्हीकडची वंशावळ मांडायची आहे. आपल्याकडे कुलवृत्तान्त असतो, निदान त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांची वही असते. व्याह्यांकडे बहुधा थडग्याचा एखादा फोटो आणि 'आमचे लोक पायोनियर शेतकरी' एवढं एक वाक्य.

प्रश्न : जावयांचं घराणं आयोवाचं. खापरपणजोबा १८५४ साली ओहायोहून गाडी जुंपून आले आणि सरकारकडून फुकट मिळालेल्या होमस्टेडवर शेती केली, असं घरात सांगतात. आमच्याकडे त्यांच्या थडग्याचा फोटो आहे. पुढे कसं जावं? – पुणे

आधी घरातली गोष्ट दुरुस्त करू. होमस्टेडचा कायदा २० मे १८६२चा, तो अमलात आला १ जानेवारी १८६३ला. १८५४मध्ये कुणालाही होमस्टेड मिळणं शक्य नव्हतं. आयोवातली बरीच जमीन त्याआधीच विकली गेली होती. कुणी एकरी सव्वा डॉलर रोख मोजले, कुणी सैनिकांना बक्षीस मिळालेली जमिनीची वॉरंटं बाजारातून विकत घेऊन वापरली. होमस्टेडची आठवण खरी असेल, तर ती बहुतेक पुढच्या पिढीची, नेब्रास्का किंवा डाकोटाकडे सरकलेल्या मुलाची.

आता फोटो. एका दगडावरून थेट १८५४वर उडी मारू नका. जावयांपासून एकेक पिढी मागे जा आणि प्रत्येक माणसासाठी तीन कागद मिळवा : दफनाची नोंद, निधनवार्ता, मृत्यूचा सरकारी दाखला. आयोवात मृत्यूची नोंदणी जुलै १८८०पासून सुरू झाली, पण पहिली कित्येक वर्षं लोक ती मनावर घेत नसत. ओहायोत काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) वह्या १८६७पासून आहेत. कॅन्ससमध्ये राज्यपातळीवरची नोंदणी १९११ला आली, इलिनॉयमध्ये १९१६ला. त्याआधीच्या माणसांसाठी दगड, चर्चची वही आणि वर्तमानपत्र यांवरच मुख्य भिस्त.

दगड कशाचा आहे तेही बघा. १८५८चा मृत्यू आणि दगड गुळगुळीत पॉलिशचा ग्रॅनाइट, असं असेल तर तो दगड बहुधा कित्येक वर्षांनी मुलांनी किंवा नातवांनी बसवलाय. त्या काळात पांढरा संगमरवर वापरत. त्याची अक्षरं पावसाने झिजतात, म्हणूनच पुढे बदलून घेत. नव्या दगडावरची तारीख म्हणजे नातवाची आठवण. पुरावा म्हणून तिचं वजन तेवढंच.

यानंतर दफनभूमीचं दप्तर. खेड्यातल्या दफनभूमीचा कारभार आयोवात अनेकदा टाउनशिपच्या (काउंटीतल्या लहान विभागाच्या) विश्वस्तांकडे असतो, कुठे चर्चकडे, कुठे दोन-चार घरांच्या समितीकडे. तिथे चार गोष्टी विचारा. लॉट, म्हणजे कुटुंबाने कबरींसाठी घेतलेला तुकडा, कुणाच्या नावावर आहे? कोणत्या तारखेला घेतला? त्यात किती जणांना पुरलंय? दुसरीकडून उकरून आणून कुणाला पुरलंय का? लॉटमध्ये आठ जणांना पुरल्याची नोंद आणि दगड पाचच, असं निघालं तर उरलेले तिघे बहुधा लहानपणी गेलेली मुलं. लॉट घेतल्याची तारीख पुष्कळदा घरातल्या पहिल्या मृत्यूच्या आसपासची निघते. १९३०च्या दशकात डब्ल्यूपीए या सरकारी रोजगार योजनेखाली आयोवातल्या बहुतेक काउंट्यांमधल्या थडग्यांच्या याद्या केल्या गेल्या. आज नाहीसे झालेले दगड त्यात सापडतात, म्हणून ती यादी चाळल्याशिवाय 'नोंद नाही' म्हणू नका. मात्र आडनावांच्या क्रमाने लावलेल्या कोणत्याही यादीत शेजार हरवतो. शेजारच्या थडग्यांतच सासुरवाडी सापडते, तेव्हा नकाशा किंवा रांगवार यादी मागा.

१८५४ तपासायला दोन सोप्या जागा. आयोवाच्या १८५६च्या राज्य जनगणनेत प्रत्येकासमोर राज्यात येऊन किती वर्षं झाली ते लिहिलेलं आहे. १८६०च्या जनगणनेत मुलांची वयं आणि जन्मराज्यं बघा. सात वर्षांचा मुलगा ओहायोचा आणि चार वर्षांची मुलगी आयोवाची असेल, तर कुटुंब त्या तीन वर्षांत आलं.

जमिनीची पहिली मालकी जनरल लँड ऑफिस या सरकारी जमिनी देणाऱ्या जुन्या खात्याच्या नोंदींत इंटरनेटवर फुकट दिसते. तिथला पत्ता आपल्या गट नंबरासारखाच वाचायचा : टाउनशिप म्हणजे सहा मैल बाय सहा मैलांचा चौकोन, त्यात ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन ६४० एकरांचा, त्याचा चतकोर १६० एकर. पूर्वजाचं सेक्शन एकदा कळलं की जुन्या प्लॅट नकाशावर (त्यात शेतं मालकांच्या नावांसह दाखवलेली असतात) शेजारची शेतं, शाळा, चर्च आणि दफनभूमी एका नजरेत येतात. रोखीने घेतलेल्या जमिनीची फाइल बारीक असते. होमस्टेडच्या फाइलमध्ये घराची लांबीरुंदी, नांगराखाली आणलेले एकर, साक्षीदार शेजारी आणि परदेशातून आलेला असेल तर नागरिकत्वाचा कागद असतो. ती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून मागवावी लागते. जमिनीच्या पेटंटवरचं, म्हणजे सरकारने दिलेल्या मालकीच्या कागदावरचं, साल हे येण्याचं साल नव्हे. होमस्टेडचं पेटंट सहसा जमिनीवर पाच वर्षं राहून दाखवल्यावरच हाती पडायचं.

प्रश्न : दफनभूमीच्या यादीत 'मृत्यू ३ मार्च १८८४, वय ६१ वर्षं ७ महिने १९ दिवस' असं आहे. घरच्या बायबलात जन्म १४ जुलै १८१९ लिहिलाय. कोणतं खरं? – नेपरव्हिल, इलिनॉय

गणित करून बघू. आधी वर्षं, मग महिने, मग दिवस वजा केले तर १५ जुलै १८२२ येतं. उलट क्रमाने, दिवसांपासून सुरुवात केली तर १३ जुलै. वंशशोधकांची एक आकड्यांची युक्ती आहे : १८८४०३०३मधून ६१०७१९ वजा करायचे, त्यातून आणखी ८८७० वजा करायचे. उत्तर १८२२०७१४, म्हणजे १४ जुलै. (महिने आणि दिवस दोन्हींत हातचा घ्यावा लागतो तेव्हाच ही युक्ती चालते.) त्या काळी हिशेब कुणी कोणत्या क्रमाने केला ते कळत नाही, म्हणून दोन-तीन दिवसांचा फरक सोडून द्यायचा.

महिना आणि दिवस बायबलशी तंतोतंत जुळतात, अडलंय ते फक्त तीन वर्षांवर. म्हणजे चूक वयाच्या एकाच आकड्यात असणार. झिजलेल्या संगमरवरावर ४ची आडवी रेघ पुसली की १ उरतो. दगडावर ६४ कोरलेलं होतं आणि यादी करणाऱ्याने ६१ वाचलं, असं आमचं मत. खात्री करायला १८५० आणि १८८०ची जनगणना बघा. दोन्हींत १ जूनचं वय धरत, तेव्हा १८१९चा जन्म असेल तर ३० आणि ६० दिसेल, १८२२चा असेल तर २७ आणि ५७. बायबलही तपासा. छपाईचं साल १८७० आणि १८१९पासूनच्या सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच हाताच्या असतील, तर त्या मागाहून उतरवलेल्या आहेत.

प्रश्न : पूर्वज १८९३च्या जानेवारीत वारले. वर्तमानपत्रांच्या डिजिटल संग्रहांत नाव टाकून काहीच येत नाही. निधनवार्ता छापलीच नसेल का? – नाशिक

छापली असण्याची शक्यता जास्त. नावाने शोधणं हाच कच्चा दुवा. यंत्राने वाचलेली जुनी छपाई चुका करते, अरुंद स्तंभात आडनाव दोन ओळींत तुटतं आणि मग शोधात सापडत नाही. शिवाय माणसाची नुसती आद्याक्षरं छापत, बाईला नवऱ्याच्या नावाने 'मिसेस अमुक' म्हणत, म्हाताऱ्याला 'ग्रँडपा' म्हणून मोकळे होत. तेव्हा नाव सोडा, तारीख धरा. खेड्यातलं पत्र साप्ताहिक, पानं चार किंवा आठ. मृत्यूच्या तारखेपासून पुढचे चार अंक ओळीने वाचा. पहिल्या अंकात स्थानिक बातम्यांत दोन ओळी असतात, दुसऱ्यात सविस्तर वार्ता, पुढे कुटुंबाने शेजाऱ्यांचे मानलेले आभार. नंतर मालमत्तेच्या कारभाऱ्याची कायदेशीर नोटीस येते, ती सहसा लागोपाठ काही अंकांत असते. टाउनशिपच्या वार्ताहरांची सदरं वगळू नका. 'अमुक यांची प्रकृती नाजूक, नेब्रास्काहून मुलगी आली' ही ओळ तिथेच सापडते.

जानेवारीचा मृत्यू असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. जमीन गोठलेली असली की काही ठिकाणी शवपेटी तळघरात ठेवून दफन वसंतात करत. दफनभूमीच्या वहीतली तारीख एप्रिलची निघाली तर गोंधळू नका.

कोणतं पत्र? काउंटीच्या मुख्य गावाचं तर आहेच, पण कुटुंबाचा बाजार ज्या गावात भरायचा ते गाव सीमेपलीकडच्या काउंटीतही असू शकतं. शिवाय ज्या गावाहून ते आले तिथलं पत्र आणि मुलं जिथे गेली तिथलं पत्र. जुन्या गावात आलेली वार्ता कधी कधी जास्त मोठी असते. लायब्ररी ऑफ काँग्रेसचा 'क्रॉनिकलिंग अमेरिका' फुकट आहे. आयोवातल्या पुष्कळ लहान गावांची पत्रं मात्र तिथल्या सार्वजनिक वाचनालयाच्या स्वतःच्या साइटवर असतात आणि गूगलच्या शोधात वर येत नाहीत. बाकीची मायक्रोफिल्मवर. वाचनालयाला पत्र लिहाल तेव्हा 'घराण्याची सगळी माहिती पाठवा' असं लिहू नका, उत्तर येत नाही. एक माणूस, एक तारीख, एक वर्तमानपत्र एवढंच मागा, नावाची दोन-तीन स्पेलिंगं द्या.

घराणं नॉर्वेजियन असेल तर डेकोरा गावातून निघणारं 'डेकोरा-पोस्टन' (१८७४ ते १९७२) जरूर बघा. इंग्रजी पत्र 'जन्म नॉर्वेत' म्हणून थांबतं. नॉर्वेजियन वार्तेत तिकडच्या वस्तीचं नाव मिळू शकतं, आणि ते मिळालं की पुढचा शोध तिकडच्या चर्चच्या वह्यांत. जर्मन पत्रं फ्राक्टुर या जुन्या वळणाच्या टाइपात आहेत. तिथे यंत्राचं वाचन आणखीच गोंधळतं.

वार्ता हाती आली की शवपेटी खांद्यावर घेणाऱ्यांची नावं आणि पाद्र्याचं नाव वेगळं लिहून ठेवा. पहिले शेजारी आणि सोयरे निघतात, दुसऱ्यावरून चर्च कळतं.

प्रश्न : सूनबाईंच्या खापरपणजीचं माहेरचं आडनाव कुठेच मिळत नाही. थडग्यावर फक्त 'पत्नी' आहे. – मिनियापोलिस

एका मुलाचा मृत्यूचा दाखला बघून सोडू नका, सगळ्या मुलांचे काढा. दाखल्यावर आईचं माहेरचं आडनाव विचारलेलं असतं, पण उत्तर देणारा पुष्कळदा जावई असतो आणि त्याला ते ठाऊक नसतं. पाच मुलांपैकी दोघांच्या दाखल्यांवर एकच आडनाव आलं की धागा हाती लागला. तिची मुलं १९२५ला आयोवात असतील तर त्या वर्षीची राज्य जनगणना उत्तम, कारण तीत प्रत्येकाच्या आईवडिलांची नावं आहेत, आईचं माहेरचं आडनावही.

नवऱ्याच्या थडग्याशेजारी जीएआर (उत्तरेच्या माजी सैनिकांची संघटना) अक्षरांचा पाच टोकांचा धातूचा तारा खोचलेला असेल तर नवरा अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेकडून लढलेला. विधवेने पेन्शन मागितली असेल तर लग्नाचा पुरावा तिला द्यावा लागलाय; त्यात तारीख, गाव, लग्नाला हजर असलेल्यांच्या साक्षी येतात. ही फाइलही राष्ट्रीय अभिलेखागारात, एनएटीएफ ८५ हा अर्ज भरून मिळते. महाग पडते, पण आमच्या मते बायकांच्या शोधात एवढं देणारा दुसरा कागद नाही.

जनगणनेत १८८०च्या आधी नातं लिहीत नसत. १८६०च्या घरात वेगळ्या आडनावाची सत्तरीची बाई दिसली तर ती सासू असू शकते. दफनभूमीत ती याच लॉटमध्ये आहे का बघा. १८९०ची जनगणना १९२१च्या आगीनंतर जवळपास सगळीच गेली. ती वीस वर्षांची फट आयोवात १८८५ आणि १८९५च्या राज्य जनगणनांनी भरते, मिनेसोटातही याच दोन सालांनी. १९०० आणि १९१०ला बायकांना किती मुलं झाली आणि किती हयात आहेत हे विचारलं होतं. तो आकडा लॉटमधल्या लहान थडग्यांशी ताडून घ्या.

प्रश्न : फाइंड अ ग्रेव्ह या थडग्यांच्या संकेतस्थळावर आईवडील, भावंडं जोडून दिलेली आहेत. तीच वंशावळ उतरवून घेतली तर? – ठाणे

दगडाचा फोटो उतरवून घ्या. खालचं चरित्र आणि नात्यांचे दुवे कुणीही स्वयंसेवक घालतो, पुराव्याची अट नाही. एकाच नावाचे काका-पुतणे एका टाउनशिपमध्ये असले की हमखास चुकीचे जोडले जातात. पान आहे म्हणजे कबर तिथेच आहे असंही नाही. दूर पुरलेल्या मुलाचं नाव आईवडिलांच्या दगडावर नुसतं स्मरण म्हणून कोरतात. फोटो नसलेलं पान बहुधा जुन्या यादीवरून केलेलं असतं, तेव्हा मूळ यादी शोधा.

प्रश्न : पुढच्या महिन्यात आयोवाला जातोय. दगडावर शेव्हिंग क्रीम फासलं की अक्षरं उठून दिसतात म्हणे? – कोल्हापूर

दिसतात, आणि दगड खराब होतो. क्रीममधलं आम्ल संगमरवराच्या छिद्रांत बसतं. खडू, तारेचा ब्रश, ब्लीच यांनाही हात लावू नका. बाटलीभर साधं पाणी, मऊ ब्रश आणि हातभर आरसा न्या. आरशाने उन्हाची तिरीप दगडावर बाजूने पाडली की पुसट अक्षरांच्या सावल्या पडतात आणि ती वाचता येतात. दगड हलत असेल तर पाणीही ओतू नका, नुसता फोटो काढा. फोटो चारी बाजूंचे घ्या, कारण मागच्या बाजूला दुसऱ्या बायकोचं नाव असण्याची पद्धत होती. एक फोटो पाच पावलं मागे जाऊन, शेजारचे दगड दिसतील असा.